सुई कोणी तोडली

इंग्रजी बोलायला शब्द कमी पडतात, अशी तक्रार घेऊन माणसं माझ्याकडे येतात. मी सांगते, शब्दांची काळजी सोडा. मुंबईत शब्द रस्त्यावर पडलेले असतात. रिक्षावाला 'यू टर्न' म्हणतो, भाजीवाली 'लास्ट प्राइस' म्हणते. गाडी अडते ती वाक्याच्या पहिल्याच शब्दापाशी. आय, यू, ही, शी, वी, दे. एवढेसे शब्द, पहिलीच्या पुस्तकातले. आणि बँकेत, दुकानात, कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस त्यांच्यापाशी येऊन असा थबकतो, जणू पुढे खड्डा आहे.

घाटकोपरला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी मोठ्या माणसांना बोलायचं इंग्रजी शिकवते. मी कुठे शिकले, आधी कुठे नोकरी केली, क्लास कसा वाढला, हे सगळं इथे गाळते. त्यात वाचणाऱ्याला रस नसतो आणि मलाही फारसा नाही. मला रस आहे तो त्या पहिल्या शब्दात. वर्षानुवर्षं तोच शिकवतेय आणि अजून कंटाळा आलेला नाही. एखादा माणूस पहिल्यांदा न अडखळता 'आय' म्हणून पुढचं वाक्य धडाधड बोलून जातो, तेव्हा आजही मला टाळी वाजवावीशी वाटते. वाजवत नाही, कारण बाकीचे लगेच टाळ्या वाजवत बसतात आणि तासातली दहा मिनिटं जातात.

चुका होतात त्यात लोकांचा दोष नाही. बघा ना. इंग्रजी 'मी' म्हणजे 'मला', आणि आपलं 'मी' म्हणजे मी. त्यामुळे नवा माणूस पहिल्या दिवशी 'मी गोइंग' म्हणतो आणि त्यात काही चुकलंय असं त्याच्या कानाला वाटतच नाही. 'ही' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बाई येते, त्यांच्या पुरुष. 'शी' म्हटलं की आपण नाक मुरडतो. 'दे' म्हटलं की हात पुढे करतो. बोरिवलीचा एक घरं दाखवणारा एजंट बायकोबद्दल बोलताना सहा महिने 'ही इज टीचर' म्हणत होता. मी टोकलं की म्हणायचा, "बाई, मग काय म्हणू? शी? स्वतःच्या बायकोला?"

दुसरी अडचण जास्त खोल आहे. मराठीत माणूस क्रियापदाच्या पोटात लपून बसतो. 'जेवलीस?' एवढं म्हटलं की कोण, कोणाला, बाई की बुवा, सगळं आलं. 'आले', 'गेलो', 'सांगितलंत'. इंग्रजीत ही सोय नाही. तिथे प्रत्येक क्रियापदाच्या आधी कोणालातरी उंबरठ्यावर उभं राहावं लागतं. मी आहे, ती आहे, आम्ही आहोत. उभं राहिल्याशिवाय वाक्य सुरूच होत नाही. आणि उभं राहायची आपल्याला सवय नाही, बायकांना तर नाहीच.

म्हणून मी फळा वापरत नाही. हॉलमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्या घेते आणि गोल मांडते. ही 'आय'ची खुर्ची, समोरची 'यू'ची, बाजूला 'ही' आणि 'शी', जरा लांब 'दे'. माणसाने ज्या खुर्चीवर बसायचं तिथून बोलायचं. 'आय'च्या खुर्चीवर हात स्वतःच्या छातीवर ठेवायचा, 'यू' म्हणताना समोरच्याकडे करायचा. पोरखेळ वाटतो. पण जीभ विसरते ते हात विसरत नाही.

या खुर्च्यांवर नाना तऱ्हेची माणसं बसून गेली. मुलुंडचे एक गुरुजी आले होते. परदेशात वाढलेल्या मुलांना लॅपटॉपवरून पूजा सांगायचे आणि त्या मुलांना मराठी समजेनासं झालं होतं. गुरुजींचं बाकी सगळं दोन आठवड्यांत झकास जमलं. 'यू'पाशी मात्र गाडी रुतली.

"बाई, यजमानाला यू, त्याच्या चार वर्षांच्या पोराला यू, आणि चौरंगावरच्या देवालाही यू? काही तारतम्य आहे की नाही या भाषेला?"

मी विचारलं, "गुरुजी, मराठीत देवाला काय म्हणता?"

"तू."

"मग देवाची काही तक्रार नाही. यजमानाचं बोला."

गुरुजी मोठ्याने हसले आणि त्या दिवसापासून यजमानांना बेधडक 'यू' म्हणू लागले.

नवऱ्याला 'दे' म्हणणाऱ्या बायका तर दर बॅचमध्ये असतात. नवऱ्याचा आदर करायचा म्हणून 'दे आर स्लीपिंग'. ऐकणाऱ्याला वाटावं, घरात पाहुण्यांची पंगत झोपलीय. काही माणसं अर्ध्यावर सोडूनही जातात. घरी कोणीतरी हसलं, की दुसऱ्या दिवशी येत नाहीत. त्यांना फोन करून परत आणण्यात मी फार चांगली नाही. हे एक काम मला नीट जमलं नाही.

पण आज मला लिहायचंय ते सुनंदा परबबद्दल आणि मरोळच्या त्या एका सकाळबद्दल. ती सकाळ आठवली की मला अजूनही बसून राहवत नाही.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत लहान बाळांचे कपडे शिवण्याचा एक कारखाना आहे. झबली, फ्रॉक, टोपडी. सगळा माल परदेशी जातो. मालक जयेशभाई. एका संध्याकाळी ते क्लासला आले आणि चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागले.

"बेन, एक बाई तयार करून द्यायची आहे. महिनाभरात. होईल?"

त्यांचं म्हणणं असं होतं. खरेदी करणाऱ्या कंपनीची मोठी ऑर्डर येणार होती, त्यासाठी ते वरचा मजला नव्याने सुरू करणार होते. त्या मजल्याचा जो इन्चार्ज असेल त्याने कंपनीच्या माणसांशी स्वतः इंग्रजीत बोलायचं, मध्ये कोणी दुभाषी नको, अशी कंपनीची अट होती. जयेशभाईंच्या मनात अंधेरीचा एक डिप्लोमावाला मुलगा होता. पण त्यांच्या लाईनची सुपरवायझर सुनंदा परब त्यांच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, शेठ, मशीन मी चालवलं, लाईन मी सांभाळली, मजला पण मीच सांभाळणार. इंग्रजी काय, शिकीन.

"मी म्हटलं, ठीक आहे," जयेशभाई म्हणाले. "महिनाअखेरीस कंपनीची तपासणीवाली येते. तिला हा चालू मजला तू एकटीने फिरवून दाखव. जमलं तर इन्चार्ज तू. अडकलीस तर तो मुलगा. मग तक्रार नाही करायची."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, मी एकटी नाही शिकणार. सगळ्या लाईनला शिकवा. आता सांगा, सगळ्या लाईनला इंग्रजी कशाला?"

ते मलाही तेव्हा कळलं नाही. पण मी हो म्हटलं.

सुनंदा चाळिशीची, काटक, मालवणकडची. सासरे गिरणीत होते, ती असल्फ्याच्या डोंगरावर राहते. पहिल्या दिवशी मला म्हणाली, "बाई, शिव्या घाला, पण वेळ फुकट घालवू नका." मला बाई लगेच आवडली.

पाळी संपली की मशीनच्या दोन रांगांमध्ये आम्ही खुर्च्या मांडायचो आणि तासभर शिकायचो. बायका दमलेल्या असायच्या, पण खुर्च्यांवर बसल्या की तरतरी यायची. 'आय वेक अप.' 'आय कुक.' 'शी इज लेट एव्हरीडे', हे एकमेकींकडे बोट दाखवून. हसून हसून पुरेवाट. फक्त एक बाई खुर्चीवर बसायची नाही. मंगल. लाईनमधली सगळ्यांत जुनी, घाटावरची, हाताची घडी घालून मशीनला टेकून उभी असायची.

"मंगलताई, या ना," मी म्हणायचे.

"मला कुठे इन्चार्ज व्हायचंय," ती म्हणायची. "या पोरींबरोबर घरी जायचंय म्हणून थांबलेय. तुमचं चालू द्या."

सुनंदाची अडचण 'यू'ची होती. मोठ्या माणसाला नुसतं 'यू' तिच्या तोंडून निघेना. एकदा मी जयेशभाईंनाच समोरच्या खुर्चीवर आणून बसवलं. सुनंदाने हात पुढे केला, अर्ध्यावर मागे घेतला आणि म्हणाली, "सर, यू सर, प्लीज कम सर." जयेशभाई खूश झाले. मी नाही. "एवढे सर कोणासाठी?" मी विचारलं. "परत." ती पुटपुटली, "माका नाय जमाचा." पण परत म्हणाली. एक सर कमी झाला.

खरी भिंत मात्र पुढे होती, आणि तिच्यावर मी चांगलीच आपटले.

बाळांच्या कपड्यांच्या धंद्यात सगळ्यांत मोठी भीती सुईची असते. शिवताना सुई तुटते, हे रोजचंच. पण तुटलेला एक कण जरी कपड्यात राहिला तरी तो बाळाच्या अंगात जाणार. म्हणून कडक नियम आहे. सुई तुटली की काम थांबवायचं. सगळे तुकडे शोधायचे, पांढऱ्या कागदावर जुळवून अख्खी सुई पुरी करायची. ती पुरी झाली तरच नवी सुई मिळते. एक तुकडा कमी पडला तर आसपासचा सगळा माल बाजूला. तपासणीवाली पहिला प्रश्न याचाच विचारणार, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून मी तो प्रश्न घोटून घ्यायला लागले.

"हू ब्रोक द नीडल?"

"वी," पहिली म्हणाली.

"वी नाही. एकीने तोडली ना? मग आय. किंवा शी. हू ब्रोक द नीडल?"

"वी," दुसरी म्हणाली.

तिसरी, चौथी, पाचवी. वी, वी, वी. मी वैतागले. "सगळ्यांनी मिळून एक सुई तोडलीत?"

"होय बाई," सुनंदा शांतपणे म्हणाली. "आमच्याकडे लाईन तोडते."

मग कळलं. पूर्वी एक सुपरवायझर होता, तो सुई तोडणारीला त्याच दिवशी घरी पाठवायचा. चांगल्या हाताच्या बायका गेल्या त्यात. तेव्हा लाईनने ठरवलं, नाव सांगायचं नाही. कोणाचंच. सुई 'लाईनवर तुटली'. तुकडे गुपचूप गोळा करायचे आणि पुढे द्यायचे. तो सुपरवायझर गेला, त्याच्या जागी सुनंदा आली, पण रीत राहिली. सुनंदा जयेशभाईंनाही तेवढंच सांगायची. लाईनवर तुटली, शेठ. तुकडे पुरे आहेत.

"पण तुकडा सापडला नाही तर?" मी विचारलं. "कोणत्या मशीनवर शोधायचं?"

"आम्हाला माहीत असतं ना," एक मुलगी म्हणाली.

"आणि बाहेरच्या माणसाला?"

"बाहेरच्याला कशाला सांगायचं?"

'वी'ने त्यांच्या चुली पेटत्या ठेवल्या होत्या. मी तो सोडायला सांगणारी कोण? मी तो प्रश्न तिथेच ठेवला आणि बाकीची तयारी केली. सुनंदाला कटिंगपासून पॅकिंगपर्यंत सगळा मजला इंग्रजीत बोलता यायला लागला. आय चेक. ही कट्स. दे पॅक. अडखळत, पण सरळ. सुईचं विचारलं तर काय बोलायचं, ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तपासणीच्या दिवशी जयेशभाईंनी मला इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहायची परवानगी दिली. अट एकच, तोंड उघडायचं नाही. डोक्यावर कागदी टोपी घालून मी उभी राहिले. जयेशभाई स्वतः दाराच्या काचेबाहेर. कंपनीची बाई आली. उंच, चापून बांधलेले केस, सपाट बूट, नाव कारिन. हसरी, पण डोळे सगळीकडे फिरणारे.

सुनंदाने तिला दारातच गाठलं. "गुड मॉर्निंग. आय ॲम सुनंदा. आय शो यू माय फ्लोअर." माय फ्लोअर. हे मी शिकवलं नव्हतं. मी टोपी सारखी करायच्या निमित्ताने हसू दाबलं.

मग दोघी निघाल्या. कटिंगच्या टेबलाशी, "ही कट्स, ट्वेंटी लेयर्स." बटणाच्या मशीनशी, "शी पुल्स, लाइक धिस," आणि सुनंदाने स्वतः बटण ओढून दाखवलं. कारिनने प्रश्न विचारले, सुनंदाने उत्तरं दिली. एका प्रश्नाला तिला शब्द सापडेना तर तिने सरळ करून दाखवलं. मी मनात मोजत होते, अजून शिवणाची रांग राहिली, मग पॅकिंग, मग झालं. काचेबाहेर जयेशभाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग येत होता.

शिवणाच्या रांगेत दोघी मध्यावर आल्या आणि टक् असा आवाज झाला.

बारीकसा आवाज. शिवणकाम न केलेल्याला ऐकूही येणार नाही. पण त्या मजल्यावरच्या प्रत्येक बाईची मान वर झाली. सुनंदा जागच्या जागी थांबली.

"स्टॉप," ती म्हणाली. एकामागून एक मशीनं बंद झाली. इतकी शांतता त्या मजल्यावर मी कधी ऐकली नव्हती.

"व्हॉट हॅपन्ड?" कारिनने विचारलं.

"नीडल ब्रोकन."

"हू?"

सुनंदाने मान न वळवता सांगितलं, "वी."

"वी हू?"

कारिन रागावली नाही. तिने जवळच्या टेबलावरचा एक फ्रॉक उचलला, वीतभर लांबीचा, गळ्याला पांढरी लेस लावलेला. हळूहळू, सगळ्यांना कळेल असं ती बोलली. हा कपडा एका बाळाच्या अंगावर जाणार आहे. मला कोणाला शिक्षा करायची नाही. सुई कुठे तुटली ते कळल्याशिवाय मी तुकडे कुठे शोधू? प्लीज. हू?

मी सुनंदाकडे बघत होते. तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, कारण सगळ्या मुद्दाम एकाच मशीनकडे न बघता बसल्या होत्या. 'वी' म्हणत राहिली तर तपासणी तिथेच संपली, इन्चार्ज तो अंधेरीचा मुलगा. नाव घेतलं तर लाईनने जपलेलं सगळं तिच्या तोंडून मोडलं. मग मी बघितलं, तिचा हात वर चाललाय. छातीकडे. ती 'आय' म्हणणार होती. स्वतःवर घेणार होती. आणि ती तर मशीनवर बसलीच नव्हती. टोक भलतीकडे शोधलं गेलं असतं आणि खरं टोक पेटीत बंद होऊन गेलं असतं.

मी तोंड उघडायचं नाही असं कबूल केलं होतं. जीभ दातांखाली धरून ठेवली.

"आय."

आवाज सुनंदाचा नव्हता. रांगेच्या टोकाला मंगल उभी राहिली होती. एक हात छातीवर, चांगला आपटून ठेवलेला. जिने महिनाभर एका खुर्चीला पाठ टेकवली नाही, ती मंगल.

"आय," ती परत म्हणाली. "माय मशीन. माय नीडल. वन पीस हिअर, वन पीस हिअर. पॉइंट नो." मग इंग्रजी संपलं, तिने मान वळवली आणि मराठीत खडसावलं, "सुनंदा, बघत काय उभी राहिलीस, टोक शोध."

त्यानंतर जे झालं ते इतकं झपाट्याने झालं, की मला क्रम लावताना त्रास होतो. सुनंदाच्या अंगात वारं आलं. हात कारिनकडे झाला. "यू. यू स्टँड. नो वॉक." सर नाही, प्लीज नाही. कारिन एक पाय पुढे टाकत होती तो तसाच मागे घेऊन उभी राहिली. पॅकिंगचा मुकादम दार उघडून आत येत होता, त्याच्याकडे बोट. "ही. स्टॉप ही. आउट." दोन मुलींना तिने लोहचुंबक दिला, जमिनीवर बसा, मंगलच्या पायापासून सुरू करा. तिसरीला मशीनखालचा पत्रा उघडायला लावला. मंगल हात वर धरून पुतळ्यासारखी उभी, अंगावरून टोक खाली पडू नये म्हणून. सुनंदाने तिचा ॲप्रन स्वतः सोडला, कागदावर झटकला. नाही. जमिनीवर नाही. पत्र्यात नाही.

मग सुनंदाने मंगलच्या मशीनवरचा फ्रॉक हातात घेतला. अर्धा शिवलेला, गळ्याची लेस नुकतीच लागत होती. बोटांनी लेसची एकेक चुणी उलटत ती पुढे गेली. अर्धा गळा झाला आणि ती थांबली. नखाने काहीतरी अलगद काढलं आणि पांढऱ्या कागदावर ठेवलं.

मला तर ते दिसलंही नाही, एवढंसं होतं. कारिन जवळ येऊन वाकली. यावेळी सुनंदाने तिला येऊ दिलं. टोक दोन तुकड्यांना लावलं. सुई पुरी झाली.

गळ्याच्या लेसमध्ये होतं ते. बाळाची मान जिथे टेकते तिथे.

कारिन सरळ उभी राहिली. तिने सुनंदाला विचारलं, मजला थांबवायचा अधिकार तुला कोणी दिला? सुनंदाला वाटलं आपलं काही चुकलं. तरी ती म्हणाली, "नोबडी. आय स्टॉप." कारिनने मान हलवली, मंगलचं नाव विचारून लिहून घेतलं आणि पॅकिंग दाखव म्हणाली. काचेबाहेर जयेशभाईंनी ते नाव लिहिताना बघितलं होतं, आणि त्यांचा रंग परत उतरला होता.

ऑर्डरचा होकार दोनच दिवसांत आला. मी शेवटचा तास घ्यायला गेले तेव्हा पाळी संपत आली होती. जयेशभाईंनी सुनंदाला आणि मला शिवणाच्या रांगेशीच गाठलं. हातात पेढ्यांचा बॉक्स.

"सुनंदा, वरचा मजला तुझा," ते म्हणाले. "मी शब्द पाळतो. बेन, तुमचे पण आभार." मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक काम आहे पण. मंगलचं बघावं लागेल. नाव बाहेरच्या माणसाच्या कागदावर गेलंय. आणि वय झालं आता, नजर पण गेली असेल, त्याशिवाय सुई कशी तुटते? तिला घरी बसू दे. तू सांग, तुझं ऐकेल ती. इन्चार्जचं पहिलं काम समज."

मंगल चार हातांवर मशीनवर बसलेली. तिने ऐकलं असेल की नाही, तिच्या पाठीवरून कळत नव्हतं.

सुनंदाने पेढा हातात घेतला होता. तो तिने बॉक्समध्ये परत ठेवला.

"शेठ, एक विचारते," ती म्हणाली. "परवा मंगलताई बोलली नसती तर टोक कुठे गेलं असतं?"

जयेशभाईंनी नजर पेढ्यांकडे वळवली.

"ती बोलली म्हणून सापडलं. ती घरी गेली, तर उद्यापासून इथली एक पण बाई बोलणार नाही. सुई तुटेल, लाईनवर तुटेल, तुकडा जाईल पेटीतून. मग मी इन्चार्ज होऊन काय करू? मला इन्चार्ज करायचं असेल तर सुई तोडणारीने स्वतःहून सांगायचं, आणि सांगितलं म्हणून कोणी घरी जाणार नाही. हे मी ठरवलंय. जमत नसेल तर त्या मुलाला फोन करा. मी लाईनवर बरी आहे."

मी खूप माणसांना खूप खुर्च्यांवरून बोलताना ऐकलंय. एवढी स्पष्ट मराठी क्वचितच ऐकली. जयेशभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पेढा खात होते, तो खात राहिले. ते काही माझं खातं नव्हतं.

"तू फार बोलायला लागलीस," ते शेवटी म्हणाले.

"शिकवायला तुम्हीच आणलंत ना बाईंना."

ते हसले नाहीत. पण बॉक्स तिच्यापुढे परत धरला. "बरं. तुझा मजला, तुझा नियम. माल परत आला तर तुलाच विचारीन."

"मलाच विचारा," सुनंदा म्हणाली आणि पेढा घेतला.

तेवढ्यात मंगल वळली. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता रडारड होणार, आणि मला रडारड सहन होत नाही. पण मंगल माझ्यासारखीच निघाली.

"इन्चार्ज झालीस ना गं?" ती सुनंदाला म्हणाली. "मग आधी माझ्या मशीनचा दिवा बदल. गणपतीपासून सांगतेय. जाड शिवण कुठे आली ते दिसेल तेव्हा सुई वाचेल. माझ्या नजरेचं नंतर बघा."

सुनंदा मशीनवर वाकली. दिवा होता, पण काळा पडलेला, उजेड नावालाच. ती जयेशभाईंकडे वळली.

"इलेक्ट्रिशियन उद्या येईल," ते घाईने म्हणाले.

सुनंदाने तोवर स्टूल ओढलं होतं. एक मुलगी स्टोअरमधून नवा दिवा घेऊन आली. सुनंदा स्टुलावर चढली, पदर खोचला आणि वरून म्हणाली, "शेठ, मेन स्विच तुमच्या मागे आहे. बंद करा."

जयेशभाईंनी एकवार माझ्याकडे बघितलं, पेढ्यांचा बॉक्स माझ्या हातात दिला आणि स्विच खाली ओढला. मजला अंधारला. पंखे मंदावले. अंधारात धातू घासल्याचा आवाज आला, सुनंदाची एक शिवी आली, मग ती म्हणाली, "लावा."

लख्ख उजेड मंगलच्या सुईवर पडला. तिने दोऱ्याचं टोक ओलं केलं, पहिल्या फटक्यात ओवलं, आणि आमच्याकडे न बघता मशीन सुरू केलं.